बोलकीची तीन उत्तरं

दिवाळी संपली, फराळाचे डबे घासून पालथे पडले, की आपल्या ऑनलाइन 'चिमणी कट्ट्या'वर कोणीतरी हा धागा काढतोच: चिमणीवर रोज वापरता अशी तुमची आवडती पुरवणी कोणती? यंदा चौदा जणांनी नाव घेऊन विचारलंय की बार्शीकर अप्पा गप्प का. त्या चौदाही जणांनी स्वतःची आवडती पुरवणी म्हणून माझीच 'बोलकी' लिहिली आहे. म्हणून लिहायला बसलो. आधी सगळं वाचा, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

नवे सभासद बरेच दिसतात, म्हणून थोडं मागून सांगतो. चिमणी ही हलकी लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. लोकांनी टाकून दिलेल्या लॅपटॉपवर चालते. पेनड्राइव्हवरून उठते, सगळीच्या सगळी मेमरीत जाऊन बसते, आणि म्हणून वीस वर्षांच्या म्हाताऱ्या मशीनवरही पळते. २०३३-३४ पासून मोठ्या कंपन्यांची डेटाची गोदामं जगातल्या मेमरीच्या चिपा गिळायला लागली, घरातला कॉम्प्युटर म्हणजे नुसती काच उरली आणि डोकं गेलं गोदामात. तेव्हा जे चार हट्टी लोक चिमणीवर अडून बसले ते आपण. चिमणीत मूळचं फार काही नाही. हवी ती पुरवणी, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, मेन्यूतून चढवायची, काम झालं की उतरवायची. चढवलेली पुरवणी मेमरीत जागा अडवते, त्यामुळे आपल्यात मोठेपणा एकाच गोष्टीचा, कोण किती कापतो याचा. कोणी चाळीस एमबीची पुरवणी अकरावर आणली की आपण त्याला डोक्यावर घेऊन नाचतो. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मी मोडकी यंत्रं चालती ठेवली. या कापाकापीत मी तुमचा सगळ्यांचा बाप होतो, आणि त्याचा मला भयंकर माज होता.

महानंदा ही माझी बायको. अडतीस वर्षांचा संसार. तीन वर्षांपूर्वी तिच्या हातातून पोळपाटावरचं लाटणं निसटायला लागलं, आणि सहा महिन्यांत जीभ जड झाली. मेंदूकडून स्नायूंकडे निरोप नेणाऱ्या पेशी एकेक करून मरतात, असा तो आजार. आधी हातपाय जातात, मग बोलणं, गिळणं, आणि शेवटी श्वास. बुद्धी मात्र जशीच्या तशी राहते, आणि डोळे बहुतेकदा शेवटपर्यंत हलतात. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, डोळे हलतात ना, मग मी हिला बोलती ठेवीन.

आमची मुलगी पल्लवी पुण्याला असते. तिनं एका कंपनीचं बोलण्याचं यंत्र शोधून काढलं होतं. ते पेशंटच्या डोळ्यांवर नजर ठेवायचं आणि सगळं गोदामाला पाठवून तिथून वाक्यं आणायचं. मी उडवून लावलं. "तुझ्या आईचं बोलणं परक्यांच्या गोदामात ठेवणार नाही," म्हणालो. "घरात बाप आहे ना तुझा?" पल्लवी म्हणाली, "अप्पा, हा तुमच्या छंदाचा विषय नाही." मी चार दिवस तिचा फोन घेतला नाही.

दोन महिन्यांत बोलकी तयार झाली. कल्पना साधी होती. महानंदाच्या फोनवर बारा वर्षांचे मेसेज होते. मला, पल्लवीला, तिच्या बहिणींना, भिशीच्या बायकांना. कोणी काय विचारलं की ही काय उत्तर देते, हे बोलकीनं त्यातून शिकायचं. मग समोरच्यानं प्रश्न विचारला की तिच्या सवयीची उत्तरं पडद्यावर मांडायची, लॅपटॉपचा कॅमेरा तिची बुबुळं बघणार, आणि ती ज्या उत्तराकडे बघेल ते स्पीकरवरून वाजणार. आवाजही तिचाच. तिच्या जुन्या व्हॉइस मेसेजमधून तो बांधला होता, तो थोडा नाकातला सूर आणि वाक्याच्या शेवटी ओढलेला 'हं' धरून.

पहिल्या दिवशी मी विचारलं, कसं वाटतंय? आणि चार महिन्यांनी त्या खोलीत तिचा आवाज आला, "बरी आहे. तुम्ही जेवलात का?" मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. हे कट्ट्यावर लिहिलं नव्हतं, आता लिहितो.

ती पहिली बोलकी जड होती. पडद्यावर सहा उत्तरं यायची आणि खाली अक्षरपाटी असायची. उत्तरांत मनातलं नसेल तर महानंदा अक्षरपाटीवर एकेक अक्षर नजरेनं टिपायची. आधी ओळ, मग अक्षर, मग काना-मात्रा. एका वाक्याला पाव तास. तेवढ्यात लॅपटॉप तापायचा, पंखा घरघरायचा, कधी सगळं गोठायचं. विचारणारा माणूस खुर्चीत चुळबुळायचा, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मीच. मग मी कापायला घेतली. सहा उत्तरांची तीन केली. डावीकडे, वर, उजवीकडे, डोळ्यांनाही सोपं. बारा वर्षांत जे उत्तर अर्ध्या टक्क्याहून कमी वेळा आलंय ते यादीतूनच काढलं. अक्षरपाटी वेगळी पुरवणी करून मेन्यूत ठेवली. कोणाला लागली तर हातानं चढवावी. तीनशे चाळीसवरून बोलकी अठ्ठावीस एमबीवर आली. तुम्ही काय टाळ्या पिटल्यात आठवतंय ना? 'अप्पा, दंडवत' असं लिहिणारे अकरा जण होते. हातानं चढवायला महानंदाचे हात कुठे होते, हे त्या अकरांतल्या एकालाही सुचलं नाही. मला तरी कुठे सुचलं?

आणि ती यादी. आमच्या घरातली बाई मेसेजवर काय लिहिते, हे तुमच्याही घरात बघा जरा. रविवारी लातूरला जाऊ या? चालेल. पडदे निळे आणू? चालेल. तुझ्या माहेरचं लग्न सोडून माझ्या साहेबांच्या निरोप समारंभाला जाऊ? तुम्ही म्हणाल तसं. सगळी मिळून तिची अकरा हजार उत्तरं होती. त्यांत 'नको' एक्केचाळीस वेळा, तेही बहुतेक कोथिंबीर आणू का याला. अर्ध्या टक्क्याच्या खाली आलं म्हणून ते यादीतून गेलं. महानंदा नकार देत नव्हती असं नाही हो. नकार तोंडावर असायचा. भांडी आपटायची, दोन दिवस आमटीत मीठ कमी, प्रश्न विचारला की पाठ फिरवून खिडकीशी उभी. भांडी आपटल्याचा मेसेज येत नाही. बोलकीच्या शिकवणीत त्यातलं काहीच गेलं नाही.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात तिचा श्वास अडायला लागला. सोलापूरच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉ. हिरेमठ बाई, शांत स्वभावाच्या, माणसाला बसवून बोलणाऱ्या. त्यांनी मला समजावलं की आता दोनच वाटा आहेत. गळ्याला भोक पाडून नळी बसवायची आणि व्हेंटिलेटरवर ठेवायचं, मग दोन वर्षं, चार वर्षं, कितीही. किंवा नळी बसवायची नाही, त्रास होऊ नये अशी औषधं द्यायची आणि काही दिवसांत जाऊ द्यायचं. हे ठरवायचा हक्क फक्त पेशंटचा. बाई म्हणाल्या, पापण्यांच्या खुणेनंही विचारून बघू, हो असेल तर एकदा, नको असेल तर दोनदा. मला तो अपमान वाटला. मी लॅपटॉप पलंगाशी लावला आणि ऐटीत म्हणालो, "माझी बायको स्वतः बोलते, डॉक्टर. तिलाच विचारा."

बाईंनी विचारलं, महानंदाताई, गळ्यात नळी बसवायची का? थोडा वेळ गेला. मग तिचा आवाज आला, "चालेल." बाईंनी पुन्हा विचारलं, एकदा बसवली की काढणं सोपं नसतं, कायद्याचं बघावं लागतं, कळतंय ना? पुन्हा थोडा वेळ गेला, आणि आवाज, "तुम्ही म्हणाल तसं हं." खोलीत बाई, त्यांचे सहायक डॉक्टर, नर्स आणि मी असे आम्ही चौघं होतो, आणि चौघंही स्पीकरकडे बघत होतो. बाईंनी त्याचं रेकॉर्डिंग करून फाइलला लावलं. नर्स म्हणाली, काका, काय भारी बनवलंय. त्या आनंदात मी घरी येऊन कट्ट्यावर लिहिलं की माझ्या पुरवणीनं एक जीव वाचवला.

पुढचे अकरा महिने, ऐका, आमचा संसार इतका गोडीनं कधी झाला नव्हता. दिवसा एक नर्सबाई यायच्या, बाकी वेळ आम्ही दोघं. दुपारी मी पलंगाशी बसून पेपर वाचून दाखवायचो. मध्ये थांबून विचारायचो, आहे की नाही मूर्खपणा? आवाज यायचा, "बरोबर आहे तुमचं." टीव्ही बंद करू? चालेल. तुझ्या बहिणीला इतक्यात बोलवायला नको ना? तुम्ही म्हणाल तसं. मी खुशीत होतो. साहेब लोकांनी नोकरीत कधी ऐकलं नाही, पोरीनं ऐकलं नाही, आणि साठी उलटल्यावर घरात कोणीतरी माझं सगळं ऐकत होतं.

मला टोचलं ते तुमच्यामुळे. सप्टेंबरात नांदेडच्या एका ताईनं कट्ट्यावर लिहिलं, बोलकी लावल्यापासून आमच्या सासूबाई इतक्या समंजस झाल्यात म्हणून सांगू, कशालाच नाही म्हणत नाहीत. त्याखाली एकानं लिहिलं, आमचे आजोबा वृद्धाश्रमाचं नाव काढलं की काठी उगारायचे, बोलकीवर विचारलं तर एका प्रश्नात तयार. हसरे चेहरे, टाळ्या. मी पण एक टाळी टाकली. मग चहा घेताना ते आजोबा डोक्यातून जाईनात. काठी उगारणारा माणूस एका प्रश्नात कसा तयार होतो? मी बोलकीची नोंदवही उघडली. प्रत्येक उत्तर कुठल्या नजरेनं निवडलं गेलं, याची ओळ बोलकी लिहून ठेवते. ती सोय मीच बोलकी करताना घातली होती, नंतर नोंदवही कधी बघितली नव्हती.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. कापाकापी करताना मी अजून एक सुधारणा केली होती. महानंदाच्या पापण्या दमायच्या, ती डोळे मिटून घ्यायची, मग नुसती शांतता व्हायची आणि आलेला माणूस अवघडून उठून जायचा. म्हणून दहा सेकंदांत तिनं काही निवडलं नाही तर बोलकीनं पहिलं उत्तर आपलं आपण बोलून टाकायचं, अशी सोय केली. सगळ्यात संभाव्य तेच पहिलं, म्हणजे चूक व्हायचा संभव कमी, असं गणित.

हॉस्पिटलातल्या त्या दुपारच्या दोन ओळी सापडल्या. 'डोळे मिटलेले. दहा सेकंद. निवड नाही. पहिलं उत्तर दिलं.' आणि खाली पुन्हा तेच. मग मी पुढचे महिने चाळले. शंभरातल्या नव्वद उत्तरांपुढे हेच लिहिलेलं. अकरा महिने दुपारी मी पेपर वाचत होतो, स्वतःच बोलत होतो आणि स्वतःच केलेल्या यंत्राकडून मान डोलावून घेत होतो. चहा तसाच राहिला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाईंना भाजी आणायला पाठवलं आणि अक्षरपाटी चढवली. दीड वर्षानं ती पडद्यावर आली. महानंदानं ती बघितली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कॅमेऱ्याला बुबुळ दिसेना, मी दोनदा डोळे पुसले. विचारलं, नळी हवी होती का तुला? तिनं ओळ निवडली, अक्षर निवडलं. न. मग को. एवढ्यावर ती थांबली नाही. काढा, असं लिहिलं. म्हणालो, अगं, तेव्हा काहीच कसं सांगितलं नाहीस? कशानं सांगणार होती? पण आपल्यावर आलं की माणूस असंच काहीतरी बोलतो. तिनं लिहिलं, डोळे मिटले. मी म्हणालो, "मला वाटलं दमलीस."

पुढचं एक वाक्य लिहायला तिला पंचवीस मिनिटं लागली. मध्ये एकदा चुकली, मागे आली, पुन्हा लिहिलं. "तुम्ही बघितलं होतं."

हो. बघितलं होतं. स्पीकरकडे चौघं बघत होतो हे मी वर लिहिलंय, ते खोटं आहे. तिघं बघत होते. मी तिच्याकडे बघितलं होतं. तिनं डोळे गच्च मिटले होते, कपाळाला आठ्या पडेपर्यंत. अडतीस वर्षांत ती आठी मी हजार वेळा बघितली आहे, दमल्यावर ती तशी पडत नाही. पण तेवढ्यात आवाज आला, चालेल, आणि मला जे हवं होतं ते मिळालं. मी पुन्हा तिच्या तोंडाकडे बघितलं नाही.

डॉ. हिरेमठ बाईंना फोन केला. खरं सांगायचं धाडस झालं नाही, समजा यंत्रात नकाराची सोयच नव्हती असं निघालं आणि ती आता वेगळं म्हणाली तर, असं विचारलं. बाई म्हणाल्या, फाइलमध्ये तिचा होकार आवाजासकट आहे. आता ती वेगळं म्हणते म्हटल्यावर हॉस्पिटलची समिती विचारणार की खरं कुठलं, तेव्हाचं की आताचं? यंत्रात नकार द्यायची सोयच नव्हती, असं यंत्र करणाऱ्यानं लेखी दिलं आणि नोंदवही जोडली, तर तो होकार रद्द धरतील. मग समिती घरी येईल, अक्षरपाटीवर तिला पुन्हा विचारेल, आणि ती म्हणेल तसं होईल. एक कागद, त्यावर माझी सही. कागद मी त्याच दिवशी टाइप केला. सात ओळींचा आहे. महानंदाला वाचून दाखवला. तिनं अक्षरपाटीवर लिहिलं, सही करा. मी म्हणालो, उद्या करतो.

त्याच आठवड्यात बोलकीची नवी आवृत्ती कट्ट्यावर टाकली. चौथी चौकट कायमची, 'नको'. आपोआप उत्तर बंद. वजन फक्त दोन एमबी वाढलं. महिन्याभरात ती किती जणांनी डाउनलोड केली? नऊ. आणि जुनीचा दुवा काढला म्हणून साठ जणांनी मागे लागून तो पुन्हा टाकायला लावला. नवी जड वाटते, म्हणे. नांदेडच्या ताईंनी लिहिलं, नवीमुळे घरात पुन्हा कटकट सुरू झाली. त्यांच्यावर मी तोंडसुख घेणार होतो, सगळं लिहून काढलं आणि खोडून टाकलं. कारण माझ्या स्वतःच्या पलंगाशी कुठली आवृत्ती चालू आहे, हे त्यांनी विचारलं असतं तर काय सांगणार होतो?

सही अजून झालेली नाही. छत्तीस दिवस झाले. पहिले काही दिवस अक्षरपाटी रोज चढवायचो आणि ती रोज एकच शब्द लिहायची, सही. बाकी काही नाही. इतके महिने गप्प राहिलेल्या बाईला माझ्याशी दुसरं काही बोलायचं नसावं? ना पल्लवीबद्दल, ना बहिणींबद्दल. अकराव्या दिवशी मी अक्षरपाटी चढवली नाही. लॅपटॉप तापतो, असं नर्सबाईंना सांगितलं. मला ती हवी आहे हो, एवढंच खरं कारण आहे. ती गेली की या घरात मी आणि पंख्याची घरघर. तिला काय हवंय ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि तरी मला ती हवी आहे. यातलं काहीही पल्लवीला माहीत नाही. ती कट्ट्यावर येत नाही. तुमच्यापैकी कोणी तिला गाठून सांगितलंत तर मी अडवणार नाही.

तर आवडती पुरवणी. अक्षरपाटी. वजन पाच एमबी, जुन्यात जुन्या मशीनवर चालते, आपली आपण सुरू होत नाही, कोणीतरी हातानं चढवावी लागते.

आज दुपारी पल्लवीचा फोन आला. नेहमीप्रमाणे मी तो बोलकीपाशी धरला. ती म्हणाली, आई, बरी आहेस ना गं? महानंदानं डोळे मिटून घेतले. मी मनात आकडे मोजले. दहा झाल्यावर आवाज आला, "बरी आहे गं. तू जेवलीस का?" पल्लवी म्हणाली, आईचा आवाज ऐकला की दिवस बरा जातो अप्पा, तेव्हा कंपनीच्या यंत्राचा हट्ट धरला ते माझं चुकलंच. मी म्हणालो, असू दे. फोन ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. विचारलं, "महानंदा, अजून थोडे दिवस थांबू या ना आपण?"

तिनं डोळे मिटले, कपाळाला आठ्या पडेपर्यंत. दहा सेकंद गेले.

"चालेल," स्पीकर म्हणाला. मी बरं म्हणालो आणि पेपरचं दुसरं पान वाचायला घेतलं.